थर्मामीटर नेमका कुठे टांगावा? नागपूरच्या उन्हाळ्यातील आणि हिवाळ्यातील घरगुती नोंदी

गच्चीकर

आमच्या घरात तापमान दाखवणारी साधने बरीच झाली आहेत आणि त्यांतील कोणत्याही दोघांचे एकमेकांशी पटत नाही. लाकडी पाटीवर बसवलेला, तांबड्या द्रवाचा साधा थर्मामीटर गच्चीवर जिन्याच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला टांगलेला आहे. दिवाणखान्यात आर्द्रताही दाखवणारे अंकांचे छोटे यंत्र आहे, आणि मोटारीच्या डॅशबोर्डवर दिसणारा आकडा निराळाच असतो. काल दुपारी गच्चीवर ४९, मोटारीत ४७ आणि कूलर सुरू असलेल्या दिवाणखान्यात ३० अंश होते; आज वर्तमानपत्रात कालचे शहराचे कमाल तापमान ४४.२ असे छापून आले. वडिलांचे ठाम मत असे की खरा आकडा जाहीर केला तर कचेऱ्यांना सुटी द्यावी लागेल, म्हणून वेधशाळा तो कमी करून सांगते. मला हे पटत नाही. पण गच्चीवरचा थर्मामीटर समोर दिसत असताना त्यांना समजावणार तरी कसे?

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे की यांतला कोणता आकडा धरावा, थर्मामीटर कोठे टांगावा आणि तो बरोबर आहे की नाही हे घरच्या घरी कसे तपासावे. हिवाळ्यातील अनुभवही अवश्य लिहावेत. कूलर कोणत्या कंपनीचा घ्यावा ही चर्चा मात्र कृपया येथे नको.

निवृत्त निरीक्षक

गच्चीकर, हवामानाच्या नोंदी घेण्याच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. थर्मामीटर हवेचे तापमान सांगतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो फक्त स्वतःच्या फुग्याचे, म्हणजे टोकाच्या द्रव भरलेल्या गोळीचे, तापमान सांगतो. फुग्यावर थेट ऊन पडले, पाटीची पाठ तापलेल्या भिंतीला टेकली किंवा खालच्या स्लॅबची धग वर आली, तर फुगा भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि तोच आकडा आपण हवेचा म्हणून वाचतो. मे महिन्यातील दुपारी उघड्या गच्चीचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. त्याच्या सान्निध्यात टांगलेल्या थर्मामीटरने ४९ दाखवले, यात त्याचा दोष नाही.

हे टाळण्यासाठी वेधशाळेत थर्मामीटर एका पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटलंडमधील दीपगृहांच्या अभियंत्याने ती तयार केली. तिच्या भिंती दुहेरी झडपांच्या असतात, त्यामुळे वारा आत खेळतो पण ऊन शिरत नाही. पेटी मोकळ्या मैदानात, गवतावर किंवा मातीवर उभी असते आणि फुगे जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर राहतात. आत चार थर्मामीटर असतात: एक साधा, एक ओल्या मलमलीत गुंडाळलेला, एक कमाल तापमानाचा आणि एक किमान तापमानाचा. किमान तापमान सकाळी साडेआठला आणि कमाल तापमान सायंकाळी साडेपाचला नोंदले जाते.

वडिलांच्या शंकेबद्दल एवढेच सांगतो की आकडा दडवायचाच असता तर २३ मे २०१३ रोजी नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेत नोंदलेले ४७.९ अंश जाहीर झाले नसते. मैदानी भागात ४५ अंश झाले की उष्णतेची लाट आणि ४७ झाले की तीव्र लाट, असे निकषच ठरलेले आहेत. त्यांपुढचे आकडे जाहीर करण्यात संकोच कसला? मोटारीचा संवेदक बहुधा पुढच्या बंपरच्या आसपास, डांबरी रस्त्याच्या जवळ असतो. गाडी काही वेळ वेगाने धावल्यावर तो बऱ्यापैकी स्थिरावतो, परंतु उभ्या गाडीच्या आकड्याचे छायाचित्र काढून सर्वांना पाठवण्यात काही अर्थ नाही. दर उन्हाळ्यात ही छायाचित्रे फिरतात आणि दर उन्हाळ्यात मला नातेवाईकांना हेच सांगावे लागते.

थर्मामीटर उत्तरेकडील भिंतीला, भिंतीपासून थोडे अंतर सोडून टांगावा.

शून्यछाया

निरीक्षक काकांचे सर्व म्हणणे मान्य आहे, पण उत्तरेच्या भिंतीबाबत नागपूरपुरती एक पुरवणी जोडावीशी वाटते. आपले शहर २१ अंश अक्षांशाच्या किंचित वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. २६ मेच्या सुमारास येथे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेपासून धरतात, म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच वेळी येतात. शिवाय मार्चच्या अखेरीनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेस उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो. सकाळी लवकर आणि सायंकाळी तिरपे ऊन सरळ उत्तरेच्या भिंतीवर येते. युरोपातील पुस्तकांत दिलेला उत्तर भिंतीचा सल्ला आपल्याकडे डिसेंबरात अगदी योग्य ठरतो, पण ज्या दिवसांत आपल्याला आकड्याची सर्वांत जास्त उत्सुकता असते, नेमका त्याच दिवसांत तो पुरा पडत नाही. भिंत उत्तरेची असली तरी वर छज्जा आणि बाजूला आडोसा हवाच.

निवृत्त निरीक्षक

शून्यछाया, आपला मुद्दा रास्त आहे. पेटीचे दार आपण उत्तरेकडे उघडतो, पण पेटीला चारही बाजूंनी झडपा आणि वर दुहेरी छप्पर असते, म्हणून निरीक्षकाला हा प्रश्न जाणवत नाही. घरी करता येण्यासारखा उपाय असा की कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या पालथ्या घालून, मध्ये बोटभर फट राखत एकावर एक रचाव्यात, मधल्या ताटल्यांचा तळ कापावा आणि त्या पोकळीत अंकांच्या यंत्राचा वायरवाला संवेदक लटकवावा. अनेक स्वयंचलित केंद्रांवर याच तत्त्वाचे आवरण असते.

कवेलू

आमचे घर नागपूरच्या महाल भागात आहे. जुना वाडा, मातीच्या जाड भिंती आणि वर कवेलू, म्हणजे कौले. येथे बाहेरच्या आकड्यावर बरीच चर्चा झाली, पण माणूस दिवसाचे बरेचसे तास घरात असतो, तेव्हा आतल्या आकड्याबद्दल लिहिते. मधल्या खोलीत दुपारी अडीच-तीनच्या सुमारास, दारे-खिडक्या सकाळीच लावून घेतल्या असतील तर, बाहेरच्यापेक्षा सहा-सात अंश कमी दिसतात. माझ्या दिरांचे घर पलीकडच्याच गल्लीत, नवे आणि स्लॅबचे. दुपारी त्यांच्याकडे फारसा त्रास नसतो. खरी परीक्षा रात्री नऊनंतर सुरू होते, कारण दिवसभर स्लॅबने शोषलेली उष्णता झिरपत झिरपत तेव्हा आतल्या बाजूला पोचलेली असते. आमच्या छपरीत गार वारा सुटलेला असतो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर पंखा गरम हवा फेकत असतो.

यात थर्मामीटर एका बाबतीत कमी पडतो असे माझे निरीक्षण आहे. दिरांच्या खोलीत भिंतीवरचा आकडा आमच्यापेक्षा दोन-तीन अंशांनीच अधिक असतो, पण पलंगावर आडवे झाले की वरून धग अंगावर येते आणि फरक त्याहून कितीतरी मोठा वाटतो. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी गच्चीला पांढरा चुना दिला, त्यानंतर रात्रीची ही धग बरीच कमी झाली. चुना पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणून दर वर्षी मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो.

निवृत्त निरीक्षक

आपले निरीक्षण अचूक आहे. शरीर हवेशी उष्णतेची देवाणघेवाण करते तशीच समोरच्या प्रत्येक पृष्ठभागाशी प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, करते, आणि डोक्यावरचा तापलेला स्लॅब हा फार मोठा पृष्ठभाग आहे. साधा थर्मामीटर त्याची पुरेशी दखल घेत नाही.

परिचारिका

धाग्याच्या शीर्षकात थर्मामीटर आणि घरगुती नोंदी आहेत, म्हणून तापाच्या थर्मामीटरबद्दलही लिहिणे योग्य ठरेल. नागपुरात मे महिन्यात त्याची वेगळीच गंमत होते आणि त्यातून गैरसमजही होतात. काचेच्या थर्मामीटरची पट्टी ३५ ते ४२ अंशांची, म्हणजे साधारण ९५ ते १०८ फॅरनहाइटची असते. खोलीतच ४२-४३ अंश असतील तर कपाटात पडलेला थर्मामीटर कोणालाही न लावता वरच्या टोकाला पोचतो. फुग्याजवळची नळी अरुंद केलेली असल्याने पारा आपोआप खाली येत नाही. झटकून खाली आणला तरी गरम हवेत पुन्हा चढू लागतो. आमच्या वस्तीतील एक आजी असा १०८ चा आकडा पाहून नातवाला घेऊन धावत आल्या होत्या, आणि नातू मजेत बोरकूट खात होता.

अशा दिवसांत थर्मामीटर आधी माठातील पाण्यात थोडा वेळ ठेवावा, कूलरच्या खोलीत झटकून ३५ च्या खाली आणावा, कोरडा करून लगेच काखेत लावावा, आणि काढल्यावर त्याच खोलीत ताबडतोब वाचावा. शेवटची सूचना महत्त्वाची आहे, कारण बाहेरची हवा शरीरापेक्षा गरम असेल तर काखेतून काढल्यानंतरही पारा चढतच राहतो. अंकांच्या थर्मामीटरवर अशा वेळी कधी आकड्याऐवजी केवळ चुकीची खूण उमटते. बहुतेक यंत्रांच्या माहितीपत्रकात ती ४० अंशांपर्यंतच्या खोलीतच वापरावी असे लिहिलेले असते. कपाळासमोर धरायच्या यंत्राबाबत तर अधिक सावध राहावे. उन्हातून आलेल्या माणसाचे कपाळ तापलेले असते आणि कूलरपुढे बसलेल्याचे घामाने गार झालेले असते, त्यामुळे दोघांचेही आकडे फसवे येतात.

ऊन लागल्याची शंका असेल तेव्हा मात्र आकड्याच्या घोळात वेळ घालवू नये. अंग अतिशय तापले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे किंवा गुंगीत आहे, एवढे दिसले की त्याला सावलीत घेऊन, कपडे सैल करून, अंगावर पाणी टाकत व वारा घालत रुग्णालयात न्यावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पन्हे किंवा पाणी ओतू नये.

जुना बर्डीकर

ताईंनी फॅरनहाइटचा उल्लेख केला म्हणून आठवले. आमच्या लहानपणी घरातली वडील माणसे उन्हाळाही फॅरनहाइटमध्येच मोजत. “आज एकशे बारा आहे” असे ऐकले की मुलांना अंगणात जायची बंदी होई. ११२ म्हणजे ४४.४ अंश सेल्सिअस, हे हिशेब करून नंतर कळले. आता घरात ताप फॅरनहाइटमध्ये आणि हवा सेल्सिअसमध्ये अशी वाटणी झाली आहे आणि ती कोणालाही खटकत नाही.

अंगाचा अंदाज

एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, असा प्रश्न विचारण्याचे धाडस करतो. मी नोकरीनिमित्त मुंबईत राहून आलो आहे. तेथील ३४ अंशांत जीव नकोसा होतो आणि आपल्याकडील ४२ अंशांत माणूस दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून कामाला जातो. म्हणजे आकड्यापेक्षा अंगाला काय लागते हेच खरे. आमचे वडील कधी थर्मामीटर पाहत नसत. पायाला फरशी कशी लागते यावरून कूलर कधी काढायचा ते ठरवत.

ताट्या

मुंबईचा ३४ आणि आपला ४२ यांतील फरक आर्द्रतेचा आहे, आणि तोही मोजता येतो. निरीक्षक काकांनी सांगितलेला ओल्या मलमलीचा थर्मामीटर त्यासाठीच असतो. मेमधील दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फुग्याचे तापमान २३ अंशांच्या आसपास येते. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर तेच २८ अंशांच्या पुढे जाते. घाम वाळून शरीर किती गार होऊ शकेल याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

आमच्या दुकानात दर वर्षी फेब्रुवारीपासून कूलरच्या ताट्या, म्हणजे पाण्याने भिजणाऱ्या बाजू, बदलण्याचे काम चालते, त्यामुळे हा हिशेब मला रोजच्या व्यवहाराचा वाटतो. कोरड्या आणि ओल्या फुग्यांत जितके अंतर असेल त्याच्या साधारण तीन चतुर्थांश इतक्या अंशांनी चांगला कूलर हवा गार करतो. वरच्या उदाहरणात अंतर २१ अंशांचे आहे, म्हणजे कूलरच्या तोंडाशी २८ ते २९ अंशांची हवा मिळते. जुलैमध्ये अंतरच पाच-सहा अंशांचे उरते, तेव्हा तोच कूलर केवळ दमटपणा वाढवतो. गिऱ्हाईक मात्र पंप बिघडला म्हणून तक्रार घेऊन येते. त्या दिवसांत पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा. मे महिन्यात समोरची खिडकी उघडी ठेवणेही आवश्यक आहे, कारण ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीतील आर्द्रता चढते आणि रात्री बारानंतर कूलर निरुपयोगी ठरतो. गच्चीकरांच्या दिवाणखान्यातील यंत्रावर आर्द्रता दिसते. ती साठ टक्क्यांच्या पुढे गेली की खिडकीकडे पाहावे.

परिचारिका

अंगाचा अंदाज यांच्या मताला माझा विरोध आहे. कोरड्या हवेत घाम इतक्या लवकर वाळतो की तो आल्याचे कळतच नाही, आणि तहान लागेपर्यंत शरीरातील पाणी बरेच कमी झालेले असते. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गरम झाली की पंखा अंगाला उष्णता देऊ लागतो, आणि ४० च्या पुढे केवळ पंख्यावर भिस्त ठेवणे वृद्धांसाठी धोक्याचे आहे. वयानुसार अंगाचा अंदाजही बोथट होतो. म्हणून ज्या घरात आजी-आजोबा दुपारी एकटे असतात तेथे खोलीत मोठ्या अंकांचा थर्मामीटर असावा, आणि आकडा किती झाला की कूलरच्या खोलीत जायचे हे आधीच ठरवून ठेवावे.

अंगाचा अंदाज

वृद्धांबाबतचे म्हणणे मान्य. कांदा मात्र सोडणार नाही.

भौतिकी शिक्षिका

स्वयंचलित यंत्र म्हणजे अचूकच, या समजाबद्दल दोन शब्द. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि तो आकडा देशभर पसरला. जगातील सर्वोच्च म्हणून मान्य असलेली नोंद कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीची, १० जुलै १९१३ रोजीची, ५६.७ अंशांची आहे. म्हणजे आपण जवळजवळ त्या पंक्तीत जाऊन बसलो होतो. त्याच दिवशी परिसरातील इतर काही केंद्रांवर ४४ च्या आसपास नोंदी होत्या आणि संवेदकात बिघाड असल्याचे हवामान विभागाने स्पष्ट केले. आदल्याच दिवशी दिल्लीतील मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवले होते, तेथील संवेदकही तीन अंश जास्त दाखवत असल्याचे तपासणीत आढळले. विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण नेहमी देते, कारण शेजारच्या केंद्राशी ताडून पाहणे ही तपासणीची पहिली पायरी आहे.

गच्चीकरांनी घरगुती तपासणीची रीत विचारली आहे. थर्मासमध्ये बारीक कुटलेला बर्फ भरावा, तो जेमतेम भिजेल एवढे थंड पाणी घालावे, आणि हवेचा काचेचा थर्मामीटर पाटीवरून काढता येत असल्यास त्याचा फुगा त्यात पूर्ण बुडवून पाच-दहा मिनिटे थांबावे. आकडा शून्यावर यायला हवा. दीड दाखवत असेल तर पुढील प्रत्येक वाचनातून दीड वजा करावा, साधन टाकून देण्याची गरज नाही. उकळत्या पाण्यात मात्र खोलीचा थर्मामीटर कधीही घालू नये. त्याची पट्टी ५० अंशांपर्यंतच असते, त्यामुळे नळी फुटते. तांबड्या द्रवाचा धागा मध्येच तुटला असेल तर फुगा बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात ठेवावा, म्हणजे सर्व द्रव फुग्यात उतरतो आणि पुन्हा सलग वर येतो. अंकांचे यंत्र अर्थातच बर्फात बुडवायचे नाही. ते तपासलेल्या काचेच्या थर्मामीटरशेजारी रात्रभर ठेवून फरक पाहावा.

काटोल रोड

आमची संत्र्याची बाग काटोल रोडवर आहे, म्हणून हिवाळ्याबद्दल लिहितो. वर सर्वांनी थर्मामीटर जास्त दाखवतो असे लिहिले आहे. हिवाळ्यातील स्वच्छ रात्री तो उलट कमी दाखवतो. आकाश निरभ्र असले आणि वारा पडला की उघड्यावरची प्रत्येक वस्तू आकाशाकडे उष्णता टाकत हवेपेक्षाही गार होते, आणि थर्मामीटरही त्याला अपवाद नाही. बागेत खांबावर उघडा टांगलेला थर्मामीटर आणि छपरीच्या कडेला आडोशाचा थर्मामीटर यांत पहाटे दोन-तीन अंशांचे अंतर सहज दिसते. गवताच्या उंचीवर त्याहूनही कमी असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली. त्या पहाटे आमच्याकडे गवतावरचे दव गोठले होते. वेधशाळेच्या पेटीत तापमान शून्याच्या वर असताना गवतावर बर्फ कसा, हे तेव्हा गावात बऱ्याच जणांना कोडे वाटले.

बागेसाठी मी इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा कमाल-किमान थर्मामीटर वापरतो. रोपवाटिकेच्या सामानाच्या दुकानात तो मिळतो. त्यात रात्रीचा नीचांक दर्शक काडीने अडून राहतो, त्यामुळे पहाटे उठून वाचायची गरज पडत नाही. वाचून झाल्यावर बटण दाबून काड्या खाली आणाव्या लागतात. किमानाची बाजू वरून खाली वाढत जाते, हे नवख्या माणसाला सांगून ठेवावे, नाहीतर ८ च्या जागी १२ वाचले जातात. किमान तापमान मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास येते. म्हणून झाडांना पाणी द्यायचे असेल तर आम्ही पहाटेच्या आधी देतो.

सातवा मजला

माझा प्रश्न सदनिकेतील लोकांचा आहे. आमच्याकडे उत्तरेला खिडकीच नाही, पश्चिमेला सज्जा आहे आणि मागच्या बाजूला इमारतीचा डक्ट आहे, ज्यात सर्वांच्या एसीची बाहेरची युनिटे बसवलेली आहेत. डक्टमध्ये कायम सावली असते, तेव्हा तेथे थर्मामीटर चालेल का?

निवृत्त निरीक्षक

डक्ट मुळीच नको. तेथे सावली असली तरी सातही मजल्यांच्या युनिटांची गरम हवा कोंडते, आणि रात्री तुम्हाला शेजाऱ्यांचे एसी किती चालले याची नोंद मिळेल. पश्चिमेचा सज्जाच वापरा, मात्र दोन गोष्टी सांभाळा. ताटल्यांचे आवरण कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, भिंतीपासून हातभर दूर येईल असे बांधा. आणि दुपारी एकनंतरचे वाचन विश्वासार्ह धरू नका. सकाळचे किमान तापमान तेथे चांगले मिळेल. सातव्या मजल्यावर ते जमिनीलगतच्या नोंदीपेक्षा हिवाळ्यात थोडे जास्त येईल, कारण शांत थंड रात्री गार हवा खाली साचते. घरातील दुसरा संवेदक आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर, कूलरच्या झोतापासून आणि फ्रिजच्या मागच्या बाजूपासून लांब लावा.